‘पारंपरिक’ म्हणजे नेमकं कुणाचं?

‘द लायन किंग’मध्ये टिमॉन आणि पुम्बा झोपलेल्या सिंहाचं एक गाणं गातात, आठवतंय? ‘द लायन स्लीप्स टुनाइट’. समजा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्हाला याच गाण्यावर लिहायचंय. सर्च केलं, पहिल्या तीन लिंक उघडल्या, कॉपी-पेस्ट, झालं काम! पण जरा थांबा. कारण या गाण्याबद्दल कितीतरी वर्षं खुद्द रेकॉर्डवर छापलेलं नावच खोटं होतं.

झालं असं की, सॉलोमन लिंडा हा झुलू गायक जोहान्सबर्गला गॅलो या रेकॉर्ड कंपनीत पॅकिंगचं काम करायचा. १९३९ साली त्याने आपल्या ग्रुपसोबत ‘म्बुबे’ म्हणजे ‘सिंह’ हे गाणं रेकॉर्ड केलं. हक्कांचे त्याला मिळाले १० शिलिंग. पुढे ती तबकडी अमेरिकेत लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांच्यामार्फत गायक पीट सीगर यांच्या हाती पडली. त्यातला ‘उयिम्बुबे’ हा शब्द त्यांना ‘विमोवे’ असा ऐकू आला आणि त्यांच्या ‘द वीव्हर्स’ ग्रुपने त्याच नावाने गाणं गाजवलं. क्रेडिट कुणाला? पॉल कॅम्पबेलला. या नावाचा माणूसच नव्हता, ते टोपणनाव होतं! आफ्रिकेतलं गाणं म्हणजे पारंपरिकच असणार, असं धरून सगळे चालले होते. १९६१मध्ये नव्या इंग्रजी शब्दांसह ‘द टोकन्स’ने ते अमेरिकेत नंबर वन केलं. पुढच्याच वर्षी लिंडा गरिबीत वारला.

२०००मध्ये पत्रकार रायन मलान यांनी ‘रोलिंग स्टोन’मध्ये हा सगळा माग काढला. २००४मध्ये लिंडाच्या वारसांच्या बाजूने डिस्नीविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत दावा दाखल झाला. २००६मध्ये तडजोड झाली आणि लिंडाचं नाव सहसंगीतकार म्हणून मान्य झालं. म्हणजे चुकीच्या सोर्सची किंमत एका कुटुंबाने मोजली. मग आपण शोधताना काय करायचं?

आधी शब्द बदला. ‘वर्ल्ड म्युझिक’ असं टाकलंत, तर बहुतेक दुकानदारीच हाती लागेल. १९८७मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्ड कंपन्या जमल्या आणि दुकानातल्या शेल्फवर लावायला त्यांनी हे लेबल ठरवलं. त्यापेक्षा देशाचं, भाषेचं, शैलीचं नाव घ्या. लिंडाच्या गाण्यासाठी ‘म्बुबे’ किंवा ‘इसिकाथामिया’ या झुलू समूहगायनाच्या शैलींची नावं टाका. मग फाइट एर्लमन यांच्या ‘नाइटसाँग’सारखं अभ्यासाचं पुस्तक सापडतं.

मग रेकॉर्डिंगच्या मुळाशी जा. स्मिथसोनियन फोकवेजच्या साइटवर अल्बमसोबतच्या माहितीपुस्तिका फुकट डाउनलोड करता येतात. कोण गातंय, कुठे, कधी, रेकॉर्ड कुणी केलं, हे त्यात बघा. पुस्तिकाही कुणीतरी लिहिलेली असते, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नावही टिपून ठेवा.

पाया पक्का करायला ‘गार्लंड एन्सायक्लोपीडिया ऑफ वर्ल्ड म्युझिक’चे १० खंड आहेत. ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हे जर्नलही चाळा. कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन एन-लिस्टचं लॉगिन मागा, बरीच ई-जर्नल्स तिथे मिळतात. विकिपीडिया वाचा की, फक्त तिथेच थांबू नका. खालच्या तळटिपा उघडून मूळ लेखापर्यंत जा.

आता प्रत्येक सोर्सला चार प्रश्न विचारा. हे कोण सांगतंय? त्याला ती भाषा येते का? (‘विमोवे’ लक्षात आहे ना!) कधी लिहिलंय? म्हणजे लिंडाचं नाव मान्य होण्याच्या आधी की नंतर? आणि या सांगण्यात कुणाचा फायदा आहे? अल्बम विकणाऱ्या कंपनीचा मजकूर आणि अभ्यासकाचा लेख यांना एकच माप लावू नका. अजून एक गोष्ट. पाच साइटवर तेच वाक्य दिसलं, तर ते पाच पुरावे नाहीत. एकाने लिहिलं, चौघांनी उचललं, एवढंच.

सगळे सोर्स एकमेकांशी जुळतीलच असं नाही. न जुळलेल्या दोन्ही बाजू प्रोजेक्टमध्ये लिहा आणि तुम्हाला कुठली पटते, का पटते, ते सांगा. मॅडम मार्क कापणार नाहीत, उलट देतील.

हीच सवय घरच्या गाण्यांनाही लावून बघा. एखाद्या लावणीच्या किंवा कोळीगीताच्या व्हिडिओखाली नुसतं ‘पारंपरिक’ लिहिलेलं दिसतं. कधी ते खरं असतं, कधी शाहिराचं नाव शोधायचा कंटाळा असतो. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं संग्रहालय आहे, १९८२पासूनचं. भारतीय संगीतावर काम करणार असाल, तर तिथे काय आहे ते नक्की तपासा. आणि प्रोजेक्टमध्ये ‘पारंपरिक’ हा शब्द टाइप करण्याआधी एकदा शोधा, त्यामागे कुणी सॉलोमन लिंडा तर नाही ना?