कुंडी भंडारा आणि न आटणारी बादली

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या एखाद्या मुलाने लुआंटी या ठोकळ्यांच्या खेळात आपल्या शहराची जुनी भूमिगत पाणीयोजना, कुंडी भंडारा, उभारायला घेतली, तर विहिरीसारख्या दगडी कुंड्या बांधणे त्याला सहज जमेल. अडेल ते पाण्यापाशी. खेळात भर घालणाऱ्या मॉडची नवी आवृत्ती आली की गाजावाजा होतो तो नव्या ब्लॉकचा. दुरुस्त्या यादीच्या तळाशी पडून राहतात. पण खेळातले जग बदलते ते या दुरुस्त्यांमुळेच.

थोडी पार्श्वभूमी. फिनलंडच्या पेर्टू अहोलाने 2010 मध्ये मिनेटेस्ट सुरू केला. 2024 मध्ये त्याचे नाव लुआंटी झाले. तो मुक्त स्रोत आहे आणि त्याचे मॉड लुआ भाषेत लिहितात.

आता पाणी. साध्या पाण्याच्या दोन उगमांलगतची मोकळी जागा आपोआप उगम बनते, म्हणून दोन बादल्यांतून हवे तितके पाणी निघते. उतरत्या नदीला हाच नियम लावला की उगम आडवे पसरतात आणि काठ बुडतात. म्हणून मिनेटेस्ट गेममध्ये नदीचे पाणी वेगळे केले: ते स्वतःहून वाढत नाही आणि आठऐवजी दोनच ठोकळे पसरते. त्यातून नवी अडचण निघाली. बादली भरली की नदीला भोक पडू लागले. मग बादलीचाही नियम बदलला: शेजारी उगम असेल तर बादली भरते, पण जागचे पाणी तसेच राहते. दिसायला यात नवे फारसे काही नाही, तरी नदी नदीसारखी वागू लागली ती एवढ्याने.

कुंडी भंडाऱ्यात हीच गोष्ट ठळक होते. 1615 च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरून तापीकडे जाणारे पाणी जमिनीखालीच अडवले. शंभरावर कुंड्या भुयाराने जोडलेल्या, आणि पाणी केवळ उतारावर जाळी करंज या साठवण कुंडाकडे येते. 2024 मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. पण खेळात बुधवाऱ्यातच दोन बादल्या भागवत असतील, तर एवढे खणायचे कशाला? म्हणून कुंडी भंडाऱ्याच्या मॉडमध्ये कुंडीच्या ब्लॉकआधी झिरप हवी. खेळात फक्त खेळाडूजवळचा भाग जागा असतो. तो गावात असताना सातपुडा झोपलेला. त्यावर उपाय नोड टायमरचा: भाग जागा होताच मधे गेलेले सेकंद तो सांगतो, तेवढी झिरप एकदम जमा करता येते.

कुणी म्हणेल, हा खेळ आहे, पाण्याचा हिशेब कशाला? पण तग धरण्याच्या खेळाची गंमतच टंचाईत असते, आणि मॉड कुणावर लादलेला नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एक मीटरच्या ठोकळ्यात भुयाराचा मंद उतार दाखवता येत नाही आणि वाहते पाणी काही ठोकळ्यांतच संपते. हे खरेच. तेव्हा पाणी भुयारातून वाहताना न दाखवता कुंडीकडून कुंडीकडे आकड्यातच पुढे सरकवावे. वरची कुंडी तुंबली की खालच्या कोरड्या, एवढे मात्र खरे उतरले पाहिजे. प्रत्यक्षातल्या भुयारातही क्षार साचून पाण्याची वाट अरुंद होते. त्यामुळे या मॉडला एकच नवा ब्लॉक द्यायचा झाला, तर तो क्षाराच्या थराचा द्यावा, खरवडून काढावा लागणारा.