हात बसण्याचं शिक्षण

बुलढाणा जिल्ह्यात घर बांधताना अनेक ठिकाणी काळ्या जमिनीशी गाठ पडते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की ओला गिलावा घट्ट होण्याआधीच वाळू लागतो. म्हणून इथे गिलावा, फरशी आणि रंगकाम शिकणाऱ्या पोराला नुसती हातसफाई पुरत नाही. त्याला माती आणि ऊन दोन्ही ओळखावी लागतात.

हे शिक्षण बहुतेक वेळा बिगारीपासून सुरू होतं. वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेली वाहायची. मूठभर वाळू दाबली आणि तळहात मळला, तर ती मातकट आहे, हे पोरगं इथेच शिकतं. मग मिस्त्री कधीतरी थापी हातात देतो, तीही आधी मागच्या, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या भिंतीवर.

गिलाव्याची खरी तयारी माल लावण्याआधीच होते. काँक्रीटच्या गुळगुळीत खांबाला टोचे मारतात, भिंत भिजवतात. ओळंबा धरून ठरावीक अंतरावर मालाचे ठिपके देतात; गिलाव्याची जाडी त्यांवरून ठरते, आतल्या भिंतीला साधारण 12 मिलिमीटर. मग थापीने माल जोरात भिरकावायचा, म्हणजे तो विटांच्या सांध्यांत घुसतो. त्यावरून पट्टी खालून वर, डावी-उजवीकडे हलवत ओढायची आणि शेवटी लाकडी रंधा गोल फिरवायचा. रंधा केव्हा फिरवायचा, ते बोट सांगतं: ठसा उमटला पाहिजे, पण माल बोटाला चिकटता कामा नये. घाई केली तर पृष्ठभाग ओढला जातो. फार घोटलं तर सिमेंटचं पाणी वर येतं आणि पुढे बारीक भेगांचं जाळं दिसतं. माल कालवल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच घ्यावा, हा नियमही त्याच हिशेबातला. त्यानंतर किमान 7 दिवस पाणी मारायचं. उन्हाळ्यात त्यात एक दिवसही चुकवून चालत नाही.

भेग वाचता येणं ही याच्या पुढची पायरी. बारीक जाळी असेल तर दोष मालाचा किंवा पाण्याचा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल, तर बहुधा पाया हलतो आहे. तिथे पुट्टी भरणं म्हणजे दुखणं झाकणं. जाणता रंगारी ब्रश उचलण्याआधी हे घरमालकाला सांगतो.

याच जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, 1598 साली जिजाऊंचा जन्म झाला ते गाव. तिथला त्यांच्या वडिलांचा, लखुजी जाधवांचा वाडा आणि समाधी सिमेंटच्या कितीतरी आधीच्या आहेत. त्या काळच्या चुनेगच्चीत चुना भिजवून मुरवत, बैल जुंपलेल्या घाणीत वाळूबरोबर मळत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश दगडासारखा होतो. अशा वास्तूंच्या डागडुजीला आजही चुन्याची ही चाल कळणारा गवंडी लागतो, कारण जुन्या भिंतीवर कडक सिमेंट थापलं तर आतली ओल कोंडते.

शिकण्याच्या सरकारी वाटाही आहेत. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत गवंड्याला 5 ते 7 दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपये मिळतात. मात्र योजनेच्या 18 व्यवसायांत रंगारी आणि फरशीवाला नाहीत. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करताना वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला मागतात. त्यात दिवस मोजले जातात, कसब नाही.

आठवडाभरात अवजारांची ओळख होते, हात बसत नाही. तो बसतो जाणत्या मिस्त्रीच्या नजरेखाली, एकच भिंत पुन्हा पुन्हा खरवडून लिंपताना. म्हणून त्या मिस्त्रीलाच शिक्षकाचा मान आणि मानधन मिळालं पाहिजे, आणि शिकणाऱ्या पोराला शिकण्याच्या महिन्यांची मजुरी. आयटीआयच्या आवारात सरावाच्या चार भिंती उभ्या करायला फार पैसा लागत नाही. चिखली-मेहकरचं पोरगं पुण्या-मुंबईच्या इमारतींवर कामाला जाईल, तेव्हा त्याने बिगारी म्हणून नाही, कारागीर म्हणून दर मागावा, एवढी ताकद या शिक्षणात नक्की आहे.