कळा सुरू झाल्यावर उशाशी कोण?

1921 साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी नागपुरात मातृसेवा संघ काढला, तेव्हा बाळंतपण करणं हे मानाचं काम नव्हतं. रक्ताचं, विटाळाचं काम. ते दाईनं करावं आणि पांढरपेशा घरातल्या बायकांनी त्यापासून चार हात लांब राहावं, अशी रीत होती. कमलाताईंचा जन्म 1896चा. कोवळ्या वयात वैधव्य आलं आणि त्यानंतर त्यांनी नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलात परिचारिकेचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेतलं. शुभकार्यात विधवेचं तोंड दिसू नये, असं मानणारा तो काळ. त्याच समाजात जन्मलेल्या बाळाला पहिला हात लागायचा तो एका विधवेचा. या विसंगतीवर तेव्हा कुणी जाहीरपणे बोललं असेल-नसेल, पण बायका येत राहिल्या आणि संस्था वाढत गेली. 1961 साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली, 1981 साली त्या गेल्या. संघाचं सीताबर्डीतलं प्रसूतिगृह नागपूरकरांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे.

कमलाताईंनी जे शिक्षण घेतलं होतं, त्यातून बाळंतिणीला नेमकं काय मिळतं, हे आज शंभर वर्षांनंतरही आपल्याकडच्या पोटुश्या बाईला कुणी सांगत नाही. सोनोग्राफी कधी, रक्ताच्या तपासण्या कोणत्या, खोलीचं भाडं किती, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. कळा सुरू झाल्यावर आपल्यापाशी कोण असेल आणि ती काय करील, हे मात्र ठाऊक नसतं.

बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं, हे फार चांगलं झालं. यात शंका घेण्यात अर्थ नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. 2018-20 या काळात देशात लाखभर जिवंत जन्मांमागे 97 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33. पण कुटुंब आरोग्य पाहणीत दुसराही आकडा आहे. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली आणि खासगीत 47.4 टक्के. बायकांच्या शरीराची ठेवण सरकारी दवाखान्यात एक आणि खासगीत दुसरी, असं काही नसतं. बाई दवाखान्यात पोचली, पण तिच्यापाशी बसून वाट पाहणारं माणूस तिथे कमी पडलं, असा माझा या आकड्यांचा अर्थ आहे. गुंतागुंत झाली की डॉक्टर लागतोच. सरळ चाललेलं बाळंतपण सरळ चालू ठेवणं हा मात्र वेगळा हुन्नर आहे.

तो हुन्नर कसा दिसतो? पोट दुखायला लागलं की आपल्याकडे घरभर धावाधाव. बॅग, ऑटो, आणि नागपुरात असाल तर ‘मेडिकल’, ‘मेयो’ किंवा ‘डागा’ यांपैकी एखादं सरकारी रुग्णालय. तिथे सिस्टर आतून तपासते आणि सांगते, ‘दोन बोटं उघडलंय.’ म्हणजे पिशवीचं तोंड साधारण तीन-चार सेंटिमीटर. घरच्यांना वाटतं, आता झालंच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायचा आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ‘तासाला एक सेंटिमीटर’ हा जुना हिशेब सगळ्यांना लावू नये, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. दोन बोटांवर खाटेवर झोपवलेली बाई संध्याकाळपर्यंत ‘पुढे सरकत नाही’ ठरते. मग कळा वाढवायची सलाईन लागते आणि त्यातून कधीकधी सिझेरियनही होतं. बाई आणि बाळ दोघं ठणठणीत असतील, तर शिकलेली सुईण अशा वेळी सांगते : फिरा, काही हलकं खा, पाणी प्या, लघवी तुंबवू नका. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात बारा तास कोरड्या तोंडानं कळा सोसायला लावणं याला काळजी म्हणत नाहीत.

नुसता धीर देणं म्हणजेही काळजी नव्हे. सुईणीची खरी ओळख तिच्या मोजण्यात आहे. ती पोटावर हात ठेवून बसते, घड्याळ समोर. दहा मिनिटांत किती कळा आल्या, एकेक कळ किती सेकंद टिकली, हे यंत्राशिवायही तिच्या तळहाताला कळतं. कळ ओसरली की बाळाचे ठोके ऐकते. कळांचा जोर सुरू झाला की दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि बाई जोर लावू लागली की दर पाच मिनिटांनी. ठोके मिनिटाला 110 ते 160च्या दरम्यान असावेत. आतून तपासणी साधारण चार तासांनी एकदा. येईल त्यानं हात घालून बघायचं नसतं. ती सगळी नोंद एका आलेखाच्या कागदावर करते. हा आलेख सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या झिम्बाब्वेत रुजला, ते तिथल्या दाया-नर्सेसना अडलेली बाई वेळेत ओळखून मोठ्या दवाखान्यात पाठवता यावी म्हणून. तो भरला जातोय की बाळंतपण उरकल्यावर एकदम लिहिला जातोय, यावरून त्या लेबर रूमची पारख होते.

ती केव्हा डॉक्टरला हाक मारते, हे तिच्या कामाचं दुसरं अंग. ठोके घसरले, पाण्याचा रंग हिरवट आला, ताप चढला, अंगावरून रक्त जाऊ लागलं, रक्तदाब 140/90च्या पुढे गेला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, की तिनं वाट पाहायची नसते. वाट कधी पाहायची आणि कधी नाही, हे जिला कळतं तीच सुईण.

शेवटच्या टप्प्यात आपल्या लेबर रूममधून अजूनही ऐकू येतो तो आरडाओरडा : ‘जोर लाव! श्वास सोडू नको!’ कुणी पोटावर चढून दाब देतं. पहिलटकरीण म्हणून सरसकट कात्री लागते. यातलं काहीही करू नये, असं त्या 2018च्या सूचना सांगतात. बाईला स्वतःला कळ आली की तिनं जोर लावावा. कुशीवर, उकिडवं, गुडघ्यांवर, तिला सोसेल तसं राहावं. सुईण खालच्या भागाला गरम पाण्याच्या कापडाचा शेक देते आणि हात लावून डोकं सावकाश बाहेर येऊ देते. बाळ आईच्या उघड्या छातीवर, नाळ किमान मिनिटभर तशीच. वजनकाटा थांबू शकतो.

सगळ्यात जास्त जीव जातात ते यानंतर, घरचे पेढे आणायला पळतात तेव्हा. सुईण बाईला ऑक्सिटोसिनचं दहा युनिटांचं इंजेक्शन देते, वार पडली की ती उलटसुलट करून पाहते. एखादा तुकडा आत तर राहिला नाही? मग बेंबीखाली हात ठेवून पिशवी चाचपते. ती नारळासारखी कडक लागली पाहिजे, मऊ लागली तर रक्त जातंय.

रक्त किती गेलं, हे डोळ्यांनी मोजलं तर नेहमी कमीच भरतं. यावरचं एक साधं उत्तर आपल्या सीमाभागातून, बेळगावातून आलं. तिथल्या संशोधकांनी बाळंतिणीखाली अंथरायची आणि तळाशी मोजपट्टीची पिशवी असलेली प्लास्टिकची चादर वापरली. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बाळंतिणींवर झालेल्या त्या अभ्यासात रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या त्या नर्स-सुईणींनी. त्या घेतलेल्यांत जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. हा निष्कर्ष 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत अशीच मोजपट्टीची चादर आणि रक्त थांबवण्याचे उपाय एकदम वापरून पाहिले. 2023 साली कळलं की गंभीर रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारे शस्त्रक्रिया-मृत्यूचे प्रसंग 60 टक्क्यांनी घटले. बाळंतपणाच्या अशा संशोधनात नागपूरही मागे नाही. इथल्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या केंद्रासह सात देशांतल्या 29,278 बायकांवर कळांच्या वेळी ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस देऊन पाहिला गेला. मातेला जंतुसंसर्ग होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण 2.4 वरून 1.6 टक्क्यांवर आलं. बाळांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही.

गावच्या दाईला अडाणी म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी गडचिरोलीकडे बघावं. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. 39 गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, दायांना सोबत घेतलं आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आले. ते 1999 साली जगापुढे आलं. दाईकडे धीर, वेळ आणि बाईची भाषा होती. तिला औषधं आणि स्वच्छ हात मिळाले नव्हते, एवढंच. आता औषधं आहेत, हातमोजे आहेत, पण वेळ नाही.

सरकारला हे उमगलं नाही असं नाही. 2017 साली लेबर रूम सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला. 2018 साली केंद्रानं दीड वर्षाचं खास प्रशिक्षण घेतलेल्या सुईणींची आणि त्यांनीच चालवायच्या प्रसूतिकक्षांची मार्गदर्शिका काढली. तेलंगणानं त्यात आधी पाऊल टाकलं. 2023च्या कायद्यानं परिचर्येच्या राष्ट्रीय आयोगाच्या नावातच सुईणपण आलं. कागदावर आपली प्रत्येक जनरल नर्स सुईणही असते. प्रत्यक्षात तीच रजिस्टर भरते, औषधं आणते, ऑपरेशनची तयारी करते आणि मधल्या वेळात बाळंतपण करते. नर्सबाई ओरडतात म्हणून त्यांच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. त्यांच्या वाट्याला किती खाटा आहेत, ते आधी मोजा.

तोवर घरच्यांच्या हाती एक गोष्ट आहे. कळांच्या वेळी सोबतीला सतत कुणी असेल तर बाळंतपण लवकर सुटतं आणि सिझेरियन कमी होतात, हे 15 हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. ‘लक्ष्य’मध्येही सोबतीणीची तरतूद आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतो, कागदपत्रं अर्धी सासरी राहतात. तेव्हा डोहाळजेवणाची फुलं आणण्याआधी मुलीच्या आईनं त्या नव्या दवाखान्यात जाऊन यावं आणि विचारावं : लेबर रूममध्ये हिच्यासोबत मला राहता येईल का? रात्री कळा आल्या तर कोण असतं? ठोके किती वेळानं ऐकता? फिरू देता का? कात्री सगळ्यांना लावता का? रक्त लागलं तर कुठून येतं? उत्तर देताना समोरची व्यक्ती चिडली, तर दुसरा दवाखाना बघावा. पैशांची अडचण असेल तर लक्षात ठेवा : 2011पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि जेवण यांचा एक पैसाही लागत नाही. 102 नंबरला फोन केला की गाडीही फुकट येते.