अलाहार, जीना
अलाहार, जीना : (२८ जून १९५९– ). फिलिपिनी अभिनेत्री व दिग्दर्शिका. १९६०–७० च्या दशकात बालनटी म्हणून तिने चित्रपटसृष्टीत प्रवेश केला. बालकलाकाराची लोकप्रियता बहुधा बालपणाबरोबरच ओसरते. अलाहारची खरी कामगिरी मात्र नंतरचीच होय. मारिलू दिआस-आबायाच्या ब्रूटल (१९८०) व लॉरीस गिल्येनच्या सालोमे (१९८१) या चित्रपटांतील भूमिकांबद्दल तिला समीक्षकांचे ‘गवाद उरियान’ पारितोषिक लाभले. मोरल (१९८२) मध्ये तिने बेताच्या कुवतीची पण प्रसिद्धीसाठी आसुसलेली गायिका रंगविली. लहानपणीच प्रसिद्धी अनुभवलेल्या नटीची ही निवड लक्षणीय आहे.

लीनो ब्रोका याच्या बायान को : कापित सा पातालिम (१९८४) मधील तिची भूमिका विशेष संस्मरणीय ठरली. छापखान्यातील कामगाराची पत्नी प्रसूत होते. देयक न भरल्याने रुग्णालय मायलेकरांना सोडत नाही आणि पती दरोड्यास प्रवृत्त होतो, असे त्याचे कथानक. हा चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखविला गेला. स्वदेशी मात्र त्याच्या अभ्यवेक्षणाचा वाद १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ब्रोकाच्याच ओराप्रोनोबिस (१९८९) मध्येही तिने काम केले. पुढे ती दूरचित्रवाणी-मालिकांच्या दिग्दर्शनाकडे वळली. २०१९ मध्ये सुरू झालेली प्रिमा डोनास ही तिने दिग्दर्शित केलेली मालिका होय.