'वकिलीण', 'वकीलबाई' आणि 'गुड वाइफ'

मराठीतील '-ईण' हा स्त्रीवाचक प्रत्यय वरवर साधा दिसतो. पण त्याच्या पोटी दोन भिन्न अर्थ नांदत असतात. 'वाघीण' म्हणजे वाघ जातीची मादी. 'पाटलीण' म्हणजे मात्र पाटलाची पत्नी, पाटीलकी करणारी स्त्री नव्हे. 'मास्तरीण' या शब्दाने प्रथम मास्तरांच्या पत्नीचा बोध होई. पुढे मुलींच्या शाळा निघाल्या, स्त्रिया शिकवू लागल्या आणि तोच शब्द शिकवणाऱ्या बाईलाही लागू झाला. 'वकिलीण' या शब्दाला हे भाग्य लाभले नाही. वकिली करणाऱ्या स्त्रीस आपण 'वकीलबाई' म्हणतो किंवा नुसते 'वकील' म्हणतो. 'वकिलीणबाई' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वकीलसाहेबांचे घर उभे राहते. नवऱ्याच्या पदावरून मिळणारे नाव आणि स्वतःच्या कामावरून मिळणारे नाव यांतील हे अंतर किती खोल असू शकते, याचा विस्तृत वस्तुपाठ एका अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेत सापडतो. भाषाभ्यासकाने मालिकांकडे वळावे हे काहींना रुचणार नाही. परंतु संबोधन, नाव आणि न्यायालयीन उक्ती यांचा इतका सलग व सजग वापर असलेली सामग्री सहज हाती येत नाही, हेही तितकेच खरे.

'द गुड वाइफ' ही मालिका सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर 2009 ते मे 2016 या काळात सात पर्वांत व 156 भागांत प्रसारित झाली. तिचे कर्ते रॉबर्ट किंग व मिशेल किंग हे स्वतः पती-पत्नी आहेत. कथा शिकागोची. पीटर फ्लॉरिक हा कुक परगण्याचा निवडून आलेला मुख्य सरकारी अभियोक्ता. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांशी संबंध व पदाचा गैरवापर या आरोपांवरून तो तुरुंगात जातो. त्याची पत्नी अ‍ॅलिशिया तेरा वर्षे घर व दोन मुले सांभाळून पुन्हा वकिलीत उतरते, तीही अगदी खालच्या पायरीवर, आपल्याहून कितीतरी लहान उमेदवाराशी एकाच जागेसाठी स्पर्धा करीत. या कल्पनेमागे प्रत्यक्ष घटना होत्या. मार्च 2008 मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांनी अशाच प्रकरणात राजीनामा दिला, तेव्हा त्यांच्या शेजारी मूकपणे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी स्वतः हार्वर्डमध्ये कायदा शिकलेल्या होत्या. पहिल्या भागाचा आरंभ नेमका असाच आहे. नवरा पत्रकारांपुढे बोलतो आहे. बायको गप्प आहे. तिचे लक्ष त्याच्या कोटाच्या बाहीवरील एका धाग्याकडे जाते व तो काढण्यासाठी तिचा हात नकळत पुढे होतो. बोलण्याचा अधिकार त्याचा, निगराणीची सवय तिची. नंतर आतल्या मार्गिकेत ती त्याच्या मुखात भडकावते.

आता शीर्षकाकडे वळू. 'गुड वाइफ' याचे भाषांतर 'चांगली पत्नी' असे केले तर अर्धाच अर्थ हाती लागतो. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये व न्यू इंग्लंडच्या वसाहतींत 'गुडवाइफ' हा विवाहित सामान्य स्त्रीच्या नावाआधी लावावयाचा शब्द होता, आपल्या 'सौ.'च्या जवळचा. त्याचे संक्षिप्त रूप 'गुडी'. 1692 च्या सेलम येथील चेटूक-खटल्यांत अनेक आरोपी स्त्रियांचा उल्लेख याच शब्दाने झालेला आहे. वरच्या दर्जाच्या स्त्रीस 'मिस्ट्रेस' म्हणत व त्यातूनच आजचे 'मिसेस' आले. 'वाइफ' या शब्दाचा जुना अर्थ तर नुसता 'स्त्री' एवढाच होता. सुईणीसाठी असलेल्या 'मिडवाइफ' शब्दात तो अजून टिकून आहे. उलट 'हाउसवाइफ' याच शब्दाच्या झिजलेल्या रूपातून 'हसी' हा उच्छृंखल स्त्रीसाठी असलेला शब्द निघाला. गृहिणी आणि कुलटा एकाच धातूच्या दोन मुद्रा व्हाव्यात, यात अर्थापकर्षाच्या अभ्यासकास नवल वाटणार नाही.

अ‍ॅलिशियाचे माहेरचे आडनाव कॅव्हनॉ. ते ती पुन्हा धारण करीत नाही, आणि या मालिकेतील खरा पेच माझ्या मते येथेच आहे. ज्या आडनावाने तिची विटंबना केली, त्याच आडनावाने तिला अशिले मिळतात. पाचव्या पर्वात ती जुनी पेढी सोडून स्वतःची काढते, तेव्हा दारावरच्या पाटीवर नाव लागते ते 'फ्लॉरिक, एगोस'. तोवर पीटर राज्याचा गव्हर्नर झालेला असतो. स्वतंत्र व्यवसायाची पाटी नवऱ्याच्या नावाची! पुढे ती स्वतः निवडणुकीस उभी राहते, तेव्हा तिच्याभोवती 'सेंट अ‍ॅलिशिया' ही प्रतिमा असते. तीही सहनशील पत्नीची, कर्तबगार वकिलाची नव्हे.

शिकागो हे स्थळ लेखकांनी कोणत्याही हेतूने निवडलेले असो, इतिहासाच्या दृष्टीने ते अर्थपूर्ण आहे. याच शहरात मायरा ब्रॅडवेल यांनी 1868 मध्ये 'शिकागो लीगल न्यूज' हे विधिविषयक साप्ताहिक सुरू केले आणि पुढल्या वर्षी वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आरंभी दिलेले कारण असे की, विवाहित स्त्रीने केलेला करार तिच्यावर बंधनकारक नसतो, सबब अशिलाशी ती करार करू शकत नाही. म्हणजे पत्नीपण हीच अपात्रता. 1873 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी आपल्या स्वतंत्र मतात पत्नी व माता होणे हेच स्त्रीचे विहित कार्य ठरविले. ब्रॅडवेल यांना सनद मिळाली ती 1890 मध्ये, त्यांनी नव्याने अर्ज केलेला नसताना. तत्पूर्वीच, 1872 मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून स्त्रियांना हा व्यवसाय खुला केला होता.

न्यायालयातील भाषेविषयी एक मासला पाहण्याजोगा आहे. मालिकेतील पॅट्रिस लेसनर नावाच्या न्यायाधीश बाईंचा आग्रह असा की, वकिलाने कोणतेही विधान करताना 'माझ्या मते' असे शब्द जोडलेच पाहिजेत. विसरला की त्या आठवण करून देतात. प्रसंग विनोदी आहे, पण ऑस्टिन यांनी मांडलेला उक्ती व कृती यांचा संबंध त्यात नेमका पकडला आहे. 'माझी हरकत आहे' हे वाक्य मताचे वर्णन करीत नाही, ते उच्चारणे म्हणजेच हरकत घेणे होय. त्याला 'माझ्या मते' जोडताच कृतीचे पुन्हा विधान होते व वकिलाची पंचाईत होते. मराठीत 'माझ्या मते माझी हरकत आहे' असे म्हणून पाहावे, म्हणजे विसंगती कानाला लगेच कळेल.

आपल्या भाषेत या साऱ्याला एक अनपेक्षित सोय आहे. 'प्रकरण' हा शब्द ग्रंथाच्या भागाला, न्यायालयातील दाव्याला आणि लोकापवादालाही चालतो. अ‍ॅलिशिया दिवसभर इतरांची प्रकरणे चालविते व घरी आपल्या प्रकरणात परतते. शेवटच्या भागात हे दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळतात. पीटरवरील नव्या खटल्यात त्याच्या बचावासाठी ती आपली सहकारी डायन हिच्या पतीची साक्ष मोडून काढण्यास संमती देते. तो शस्त्रतज्ज्ञ असतो. त्याचे कथित विवाहबाह्य संबंध भर न्यायालयात उघड केले जातात. पीटर राजीनामा देतो, अ‍ॅलिशिया पुन्हा त्याच्या शेजारी उभी राहते; आणि नंतर मार्गिकेत डायन तिच्या मुखात मारते. भागांच्या शीर्षकांतही हा परतीचा क्रम आहे: पहिल्या पर्वातील शीर्षके एका शब्दाची, दुसऱ्यातील दोन, तिसऱ्यातील तीन, चौथ्यातील चार शब्दांची, तेथून उतरत सातव्यात पुन्हा एक.

कोरियात 2016 मध्ये व जपानात 2019 मध्ये या मालिकेची रूपांतरे झाली, तेव्हा तेथे इंग्रजी नावच स्थानिक लिपीत ठेवले गेले. 2023 मध्ये काजोल यांची प्रमुख भूमिका असलेले हिंदी रूपांतर आले. त्याचे कथानक मुंबईत घडते व नवरा तेथे न्यायाधीश आहे. त्याचे नाव मात्र 'द ट्रायल : प्यार, कानून, धोखा'. पत्नी शीर्षकातून गेली. निर्मात्यांचा हेतू काहीही असो, 'अच्छी पत्नी' किंवा 'चांगली पत्नी' या शब्दांना आपल्याकडे अजून उपरोधाची धार आलेली नाही. ते शब्द पाटीवर लिहिले असते, तर बहुतेकांनी ते सरळ अर्थानेच वाचले असते.