इंजिनाचा भार आणि खेळातला आवाज

मोबाइलच्या पडद्यावर मोटारींची शर्यत खेळणाऱ्या मुलाला इंजिन जितके मोठ्याने गरजेल तितके ते बलवान वाटते, आणि खरी मोटारसायकल घेण्याचे वय झाले तरी त्याची ही समजूत बहुधा कायमच राहते. म्हणून आवाज आणि शक्ती यांच्या या नात्याची एकदा रीतसर तपासणी व्हावी, असे वाटून हा लेख लिहिला आहे. तपासणीसाठी पुण्याच्या कारखान्यांत किंवा परदेशच्या शर्यतीच्या मैदानांवर जाण्याऐवजी आम्ही चोपडा तालुका पसंत केला, याला कारण आहे. सातपुड्याचा पायथा आणि तापीचे पात्र यांच्यामधल्या या काळ्या जमिनीत, शिवारात विजेचे खांब येण्यापूर्वी, नुसत्या कानाने इंजिनाच्या प्रकृतीचे निदान करणारी माणसे होऊन गेली आणि आजही थोडी आहेत. ध्वनिशास्त्राचे नाव त्यांच्यापैकी बहुतेकांनी ऐकले नसेल; परंतु शर्यतीच्या खेळांचे कर्ते ज्या ज्ञानासाठी आज मोठा खर्च करतात, ते ज्ञान या मंडळींच्या अंगवळणी पडलेले होते.

विहिरीवरची मोट मागे पडून ऑईल इंजिन आले, त्या स्थित्यंतरात किर्लोस्कर हे नाव सर्वात ठळक आहे. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी 1946 मध्ये पुण्याजवळ खडकी येथे स्थापन झाली. पुढे राजकोटच्या कारखानदारांनी इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धर्तीवर मंदगती इंजिने काढली, तीही खेडोपाडी पोहोचली. किर्लोस्करांचे एव्ही-1 हे एका सिलिंडरचे इंजिन आजही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हमखास आढळते. त्याचा दट्ट्या 80 मिलिमीटर व्यासाचा, त्याची चाल 110 मिलिमीटर, आकारमान 553 घनसेंटिमीटर, आणि मिनिटाला 1500 फेऱ्यांवर त्याची शक्ती 5 अश्वशक्ती, म्हणजे सुमारे 3.7 किलोवॅट. चार फटक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकच स्फोट होत असल्याने या यंत्रात सेकंदाला साडेबारा स्फोट होतात, तर 650 फेऱ्यांच्या लिस्टरमध्ये जेमतेम साडेपाच. मानवी कान सेकंदाला सुमारे 20 आघातांपर्यंत प्रत्येक आघात सुटा ऐकतो आणि त्यापुढे ते आघात एकमेकांत मिसळून त्यांचा अखंड स्वर बनतो. त्यामुळेच शेतातले इंजिन ठोके देते आणि चार सिलिंडरांची मोटार 6000 फेऱ्यांवर, सेकंदाला 200 स्फोट करीत, गाते.

आता भाराची गोष्ट पाहू. या लेखाचा गाभा तीच आहे. इंजिनावरचा गव्हर्नर फेरे जवळजवळ स्थिर ठेवतो आणि भार वाढला की डिझेलची मात्रा वाढवून देतो. अर्थात, केवळ फेऱ्यांवरून आवाज ठरत असता तर रिकामे इंजिन आणि पंप ओढणारे इंजिन एकसारखेच वाजले असते. प्रत्यक्षात भाराखालचा ठोका जड, खोल आणि भरीव असतो, आणि रिकाम्या इंजिनाचा हलका व कोरडा. फूटव्हॉल्व्ह गळून पंपाने पाणी सोडले की भार एकाएकी नाहीसा होतो, इंजिन क्षणभर उसळते आणि ठोका पातळ पडतो. केळीच्या बागेत दूर कुठे तरी दारे धरणारा माणूस एवढ्यावरून हातातले फावडे टाकून विहिरीकडे धावतो. "इंजिन लोड घेत नाही," "मिस मारतंय," "टॅपेट वाजतंय" ही गॅरेजमधली वाक्ये म्हणजे कानाने घेतलेल्या जबान्याच होत.

ठोका भाराप्रमाणे बदलतो, कारण ज्या वायूने दट्ट्या ढकलला त्याच वायूचा उरलेला जोर आपल्या कानावर येतो. पूर्ण भारावर एव्ही-1 चा प्रत्येक स्फोट दांड्यावर सुमारे 296 जूल कार्य देतो. इंधनाच्या उष्णतेपैकी कमीअधिक तीस टक्केच कामी येते. उरलेली पाण्यात, हवेत आणि धुरात जाते. दट्ट्या खाली पोहोचण्याच्या थोडे आधीच निकासाची झडप उघडते, त्या वेळी सिलिंडरातला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो, आणि तो वायू नळीत एका धक्क्यानिशी सुटतो. हा धक्का म्हणजेच ठोका. जास्त डिझेल जळले तर झडप उघडतानाचा दाब जास्त, म्हणून धक्का जोराचा. डिझेल इंजिनाचा जो 'टक्क' असा धातुमय आवाज त्यात मिसळलेला असतो, तो मात्र सिलिंडरात इंधन एकदम पेट घेऊन दाब झटकन चढल्याचा असतो.

शक्ती मिळवण्याचे मार्ग मूलतः दोनच: प्रत्येक स्फोट मोठा करणे किंवा स्फोटांची संख्या वाढवणे. दुसऱ्या मार्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे एके काळी खानदेशातल्या तरुणांची लाडकी असलेली यामाहा आरएक्स 100. तिचे इंजिन 98 घनसेंटिमीटरचे, म्हणजे एव्ही-1 च्या पाचव्या हिश्शाहूनही लहान. पण शक्ती 7500 फेऱ्यांवर 11 अश्वशक्ती, म्हणजे दुपटीहून अधिक. दोन फटक्यांचे यंत्र असल्याने तिच्यात दर फेरीला स्फोट होतो, सेकंदाला 125, एव्ही-1 च्या बरोबर दहापट. एकेका स्फोटाचे कार्य काढले तर ते 66 जुलांच्या आसपास भरते, शेतातल्या इंजिनाच्या चौथाईहूनही कमी. टॉर्क, म्हणजे दांड्यावरचा पीळ, आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, हे सूत्र पाठ करण्यापेक्षा ही दोन यंत्रे शेजारी उभी करून ऐकणे अधिक बोधप्रद ठरेल.

आवाजाच्या स्वतःच्या शक्तीचा हिशोब तर थक्क करणारा आहे. एक वॅट ध्वनिशक्ती म्हणजे 120 डेसिबेलचा ध्वनिशक्तिस्तर. तेव्हा 3700 वॅटच्या यंत्राने त्यातला एखादा वॅट जरी आवाजावर उधळला तरी आसमंत दणाणून जातो. बुलेटचा कारखान्यातला सायलेन्सर काढून फटाके फोडणारी नळी लावणाऱ्यास नव्या शक्तीचा लाभ होतो, असे मानण्यास काहीही आधार नाही. उलट, निकासनळीची लांबी आणि आकार यांवर सिलिंडर किती स्वच्छ होतो हे अवलंबून असल्याने, विशेषतः दोन फटक्यांच्या इंजिनात, अशा फेरफाराने शक्ती घटूही शकते. दंडाची तजवीज मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 190(2) मध्ये आहेच.

खेळांची कथा याच मार्गाने, पण उलट्या दिशेने गेली. अटारीच्या 1974 च्या ग्रॅन ट्रॅक 10 मध्ये किंवा नामकोच्या 1982 च्या पोल पोझिशनमध्ये इंजिन म्हणजे विद्युत्मंडलातून निघणारी, वेगाबरोबर चढत जाणारी एक गुणगुण होती. पुढे खऱ्या मोटारींचे ध्वनिमुद्रण आले. पण एकच मुद्रण जलद वाजवून फेरे वाढल्याचा भास करावा, तर ग्रामोफोनची तबकडी जोरात फिरवल्यावर गवयाचा आवाज बालकासारखा होतो तशी गत होई, कारण स्फोटांची वारंवारता वाढली तरी नळीची लांबी, आणि म्हणून तिचा अनुनाद, आपल्या जागीच राहतो, हे जलद वाजवलेल्या मुद्रणाला ठाऊक नसते. यावर उपाय म्हणून मोटार रोलरवर चढवून, निरनिराळ्या फेऱ्यांवर, इंजिनाजवळ, निकासनळीपाशी आणि आतल्या आसनावर ध्वनिग्राहक लावून अनेक मुद्रणे घेण्यात आणि ती एकमेकांत मिसळण्यात येऊ लागली. खरी सुधारणा मात्र पाय दाबलेला असतानाचे आणि पाय सोडल्यावरचे मुद्रण वेगळे ठेवण्यात झाली, आणि ही म्हणजे आमच्या विहिरीवरच्या शेतकऱ्याचीच दृष्टी होय. खेळाच्या आत काही जळत नाही. तिथे फेऱ्यांगणिक टॉर्कचा एक तक्ता असतो, आणि त्या तक्त्यातून निघालेला भार आवाजापर्यंत पोहोचला की नाही, यावर सारी मदार असते. काही अलीकडचे प्रयोग तर सिलिंडरातला दाब आणि नळीतल्या लहरी गणिताने काढून, मुद्रणाशिवायच आवाज घडवतात. आमच्या मते तोच मार्ग श्रेष्ठ, मग त्याचा परिणाम आज कमी चकचकीत वाटला तरी बेहत्तर.

फॉर्म्युला वनमध्ये 2014 साली आठ सिलिंडरांची इंजिने जाऊन सहा सिलिंडरांची टर्बो इंजिने आली, तेव्हा आवाज मेला म्हणून प्रेक्षकांनी केवढी ओरड केली! वस्तुतः टर्बोचे चाक निकासवायूतला उरलेला जोर वसूल करते, म्हणून कानाच्या वाट्याला कमी येतो. इंधनाच्या हिशोबाने ती इंजिने आधीच्यांहून कितीतरी कार्यक्षम होती. आता विजेच्या मोटारींत स्फोटच नाहीत, आणि महिंद्राने आपल्या विजेच्या मोटारींसाठी ए. आर. रहमान यांच्याकडून ध्वनिरचना करवून घेतल्या आहेत. त्या श्रवणीय असतील. भाराची साक्ष त्या कितपत देतात, हा प्रश्न वेगळा.

वाचकांना घरच्या घरी एक परीक्षा घेता येईल. मुलाच्या मोबाइलवरच्या शर्यतीत गाडी एकाच गिअरमध्ये ठेवून चढावर पूर्ण वेग द्यावा आणि फेऱ्यांचा काटा एखाद्या आकड्यावर आला की आवाज लक्षपूर्वक ऐकावा. नंतर उतारावर वेग सोडून, काटा त्याच आकड्यावर असताना पुन्हा ऐकावे. दोन्ही वेळचा आवाज सारखाच निघाला, तर त्या खेळाच्या कर्त्याने फेरे मोजले आहेत, इंजिन ऐकलेले नाही, असे खुशाल समजावे.