फौजी कागदात राहून गेलेलं मेडल आणि कोर्स: नोंद कशी करून घ्यायची?



ओझरला एचएएलचा कारखाना आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर. असा आपला भाग असल्यामुळे आपल्या गटांमध्ये फौजीच्या घरातल्या ताई आहेतच. कुणाचे यजमान रिटायर होऊन आले, कुणाचे सासरे फौजेत होते, कुणी ताई एकट्याच फॅमिली पेन्शनवर घर चालवतात. बँकेत पेन्शन जमा होते, म्हणजे कागद बरोबर असणार, असं आपण धरून चालतो. पण पुष्कळ घरांत ते कागद कुणी नीट वाचलेलेच नसतात. मेडल कपाटात असतं आणि कागदावर नसतं. कोर्सचं सर्टिफिकेट ट्रंकेत असतं आणि डिस्चार्ज बुकमध्ये त्याची ओळच नसते.

अशी राहिलेली नोंद नंतरही भरून घेता येते. ती कशी, ते या लेखात पाहू.

एका ओळीने काय फरक पडतो?

पहिली गोष्ट पैशाची. शौर्य पदकाला केंद्र सरकार दरमहा भत्ता देतं. १ ऑगस्ट २०१७ पासूनचे दर असे: परमवीर चक्र २०,००० रुपये, अशोक चक्र १२,०००, महावीर चक्र १०,०००, कीर्ती चक्र ९,०००, वीर चक्र ७,०००, शौर्य चक्र ६,०००, आणि सेना, नौसेना किंवा वायुसेना मेडल (शौर्य) २,०००. यजमानांच्या मागे हा भत्ता पत्नीला तिच्या हयातीपर्यंत मिळतो. सेना मेडल दोन कारणांनी दिलं जातं, शौर्यासाठी आणि विशिष्ट सेवेसाठी. भत्ता फक्त शौर्याच्या मेडलला आहे. म्हणून कागदावर नुसतं 'सेना मेडल' लिहिलं असेल आणि 'शौर्य' हा शब्द राहिला असेल, तर त्या एका शब्दापायी भत्ता अडकू शकतो. शौर्य पदकांसाठी महाराष्ट्र शासनाचीही वेगळी मदत आहे. तिलाही नोंद लागतेच.

दुसरी गोष्ट रँक आणि ग्रुपची. जवानाची पेन्शन तीन गोष्टी पाहून ठरते: रँक, ग्रुप आणि सेवेची वर्षं. ग्रुप म्हणजे त्याचा ट्रेड कोणत्या वर्गात मोडतो ते (एक्स, वाय असे वर्ग असतात). तो ट्रेड आणि त्याचं प्रशिक्षण कागदावर चुकीचं असेल तर पेन्शनचा आकडाही चुकू शकतो. मानद रँकचंही तसंच आहे. हवालदाराला रिटायरमेंटनंतर मानद नायब सुभेदार रँक मिळाली असेल, तर १ जानेवारी २००६ पासून पेन्शन नायब सुभेदाराच्या हिशोबाने धरली जाते. रँक जाहीर झाली, गावात सत्कार झाला, पण पेन्शनच्या कागदावर अजून 'हवालदार'च असेल, तर ते तपासून घ्या.

तिसरी गोष्ट नोकरीची. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव आहेत. तिथे ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट, इलेक्ट्रिशियन अशा कामासाठी फौजेतला कोर्स दाखवावा लागतो. कोर्स केला असूनही डिस्चार्ज बुकमध्ये ओळ नसेल, तर समोरचा बाबू विचारतो, "पुरावा कुठाय?"

बाकीच्या बहुतेक मेडलला पैसे नाहीत. १९७१ च्या लढाईचे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलचे ऑपरेशन विजय स्टार आणि मेडल, सियाचिन ग्लेशियर मेडल, ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची मेडल, ही त्यांतली काही. पण माणूस कुठे उभा होता, बर्फात की सीमेवर, याची ती साक्ष असते. नातवंडांना दाखवायला तेवढा तरी कागद घरात खरा असावा.

नोंद राहून जाते कशी?

आर्मीत जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक घडामोड युनिटचा क्लार्क एका हुकमात छापतो. त्याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. लग्न, मूल, कोर्स, प्रमोशन, मेडल, सगळं त्यातच. तो हुकूम रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तिथे जवानाच्या कागदावर चढतो. हवाई दलात या कामाला 'पीओआर' म्हणतात, नौदलात 'जेनफॉर्म'.

आता बघा, कोर्स चालू असताना बदली झाली. मेडल जाहीर झालं तेव्हा माणूस रिटायर होऊन गावी आला होता. नंबरातला एक आकडा चुकला. नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं झालं. यांतलं काहीही झालं तरी हुकूम निघत नाही, किंवा निघाला तरी योग्य कागदावर चढत नाही. यात यजमानांचा दोष नसतो.

आधी घरातली ट्रंक उघडा

अर्ज लिहिण्याआधी हे कागद एका जागी आणा:

१. डिस्चार्ज बुक. यात कोर्स, मेडल, ट्रेड, रँक आणि सेवेच्या तारखा असतात.

२. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा हुकूम. नंतर निघालेले शुद्धिपत्राचे पीपीओही सोबत ठेवा.

३. 'स्पर्श'वरची माहिती. पेन्शन आता या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. स्वतःला जमत नसेल तर सीएससी केंद्रात जाऊन प्रिंट काढा.

४. मूळ पुरावे: कोर्सचं सर्टिफिकेट, मेडलचं पत्र, पार्ट टू ऑर्डरची नक्कल, युनिटची जुनी पत्रं.

आता एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात 'घरात काय पुरावा आहे', दुसऱ्यात 'डिस्चार्ज बुकमध्ये काय लिहिलंय', तिसऱ्यात 'पीपीओ आणि स्पर्शमध्ये काय लिहिलंय'. जिथे तिन्ही जुळत नाहीत तिथे लाल पेनाने खूण करा. यजमान हयात असतील तर हे काम त्यांच्या शेजारी बसूनच करा. कोणता कोर्स, कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणत्या युनिटमधून, हे त्यांनाच आठवतं. ते सांगतील ते तारखेसह लिहून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या.

याच बैठकीत स्वतःचं नावही तपासा. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. यजमानांनी फौजेत माहेरचं नाव लिहिलेलं असतं आणि आधारवर सासरचं असतं. जन्मतारखेचीही हीच गत. फॅमिली पेन्शनच्या वेळी हा फरक फार त्रास देतो, म्हणून यजमान असतानाच दुरुस्त करून घ्या.

अर्ज कुणाकडे?

अर्ज जुन्या युनिटला पाठवू नका. जवान आणि जेसीओ यांचे कागद त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असतात. आपल्याकडच्या घरांना लागणारी काही ठिकाणं अशी:

- तोफखाना: आर्टिलरी रेकॉर्ड्स, नाशिक रोड कॅम्प
- मराठा लाइट इन्फंट्री: बेळगाव
- बॉम्बे इंजिनिअर ग्रुप: खडकी, पुणे
- रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री: अहिल्यानगर
- महार रेजिमेंट: सागर, मध्य प्रदेश
- सिग्नल्स: जबलपूर
- ईएमई: सिकंदराबाद
- हवाई दल: एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस, सुब्रतो पार्क, नवी दिल्ली
- नौदल: ब्युरो ऑफ सेलर्स, चीता कॅम्प, मानखुर्द, मुंबई

इतर रेजिमेंटचा पत्ता नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळेल. ओझरच्या ताईंसाठी एक सूचना: एचएएलमध्ये नोकरी केलेले, तसंच हवाई दलाच्या डेपोत सिव्हिलियन म्हणून काम केलेले, हे माजी सैनिक धरले जात नाहीत. त्यांच्या नोंदी त्यांच्याच कार्यालयात असतात.

अर्ज कसा लिहायचा?

अर्ज लहान ठेवा. एका अर्जात एकाच प्रकारची दुरुस्ती मागा. मेडलचा वेगळा, कोर्सचा वेगळा, नावाचा वेगळा. रेकॉर्ड ऑफिसचं काम हिंदी-इंग्रजीत चालतं, म्हणून हा नमुना हिंदीत करून घ्या. सैनिक कल्याण कार्यालयात त्यासाठी मदत मागा.

*प्रति, रेकॉर्ड ऑफिस, ..........*
*विषय: सेवा नोंदीत राहिलेल्या कोर्सची / मेडलची नोंद घेण्याबाबत.*
*सैनिक नंबर ........ रँक ........ नाव ........ ट्रेड ........ शेवटचं युनिट ........ भरतीची तारीख ........ डिस्चार्जची तारीख ........ पीपीओ नंबर ........*
*मी / माझे पती यांनी दिनांक ........ ते ........ या काळात ........ येथे ........ हा कोर्स पूर्ण केला. (किंवा: ........ हे पदक दिनांक ........ रोजी जाहीर झाले.) डिस्चार्ज बुकमध्ये त्याची नोंद नाही. पुराव्याच्या साक्षांकित प्रती जोडल्या आहेत. कृपया नोंद घेऊन दुरुस्तीचे पत्र द्यावे. पेन्शनवर परिणाम होत असल्यास शुद्धिपत्राच्या पीपीओसाठी प्रकरण पुढे पाठवावे.*
*सही, पत्ता, मोबाइल नंबर, तारीख.*

मूळ कागद कधीही पाठवू नका, साक्षांकित झेरॉक्सच पाठवा. अर्ज स्पीड पोस्टाने टाका आणि पावती फाइलला लावा. नाशिक रोडला स्वतः जाऊन दिलात तर आपल्या प्रतीवर पोच घ्या.

शौर्य पदकाचा पुरावा घरात नसेल तरी घाबरू नका. ही पदकं भारताच्या राजपत्रात छापली जातात, बहुतेक वेळा २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत. संरक्षण मंत्रालयाचं शौर्य पुरस्कारांचं संकेतस्थळही आहे. तिथे नाव शोधून त्याची प्रिंट अर्जाला जोडा.

नोंद झाली की काम संपलं असं नाही. रेकॉर्ड ऑफिसने कागद दुरुस्त केला तरी पेन्शनचा आकडा प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून बदलतो. म्हणून पैशाचा संबंध असेल तर शुद्धिपत्राचा पीपीओ निघाला का आणि स्पर्शवर बदल दिसतो का, हे पाहिल्याशिवाय फाइल बंद करू नका.

उत्तरच आलं नाही तर?

दोन महिन्यांनी स्मरणपत्र टाका, पहिल्या अर्जाची तारीख घालून. त्याची एक प्रत सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. तरीही शांतता असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने भरता येते. दोनच गोष्टी विचारा: माझ्या अर्जावर काय कारवाई झाली, आणि सेवा नोंदीतल्या कोर्स व मेडलच्या पानांची नक्कल द्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर तिथल्याच वरिष्ठांकडे पहिलं अपील करता येतं.

लेखी नकार आला आणि तो चुकीचा वाटला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं खंडपीठ मुंबईत बसतं. जवानाच्या पश्चात पत्नीही तिथे जाऊ शकते. अंतिम नकारानंतर साधारण सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून नकाराचं पत्र आलं की तारीख लिहून ठेवा आणि लगेच सल्ला घ्या.

यजमान हयात नसतील तर

अर्ज पत्नीच्या नावाने करा. सोबत मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनचा पीपीओ आणि आधारची प्रत जोडा. कोर्स आणि साल सांगायला आता कुणी नसेल, तर त्यांच्या बरोबरीच्या जवानांना विचारा. पंचक्रोशीत कुणी ना कुणी त्यांच्या तुकडीतला सापडतो. वर्दीतले जुने फोटोही जपा. छातीवरच्या रिबनवरून कोणती मेडल होती ते जाणकार माजी सैनिक ओळखतात. फोटोवर नोंद होत नाही, पण काय शोधायचं ते कळतं.

एक गोष्ट मात्र वेळेची आहे. ज्या जवानाला पेन्शन लागू झाली नव्हती, त्याचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट केले जातात. 'लाँग रोल' नावाची थोडक्यातली नोंद तेवढी शिल्लक राहते. सासरे थोडी वर्षं नोकरी करून परत आले असतील, तर अर्जात 'लाँग रोलमधली नोंद द्यावी' असं मुद्दाम लिहा. आणि घरात आहेत ते कागद वाळवीपासून सांभाळा.

काय होत नाही, तेही समजून घ्या

जे मेडल जाहीर झालं किंवा ज्याचा हक्क नियमाने बसतो, तेच नोंदवता येतं. "त्यांनी फार मोठा पराक्रम केला होता" असं लिहून शौर्य पदक मिळत नाही. हरवलेलं मेडल परत हवं असेल तर तो वेगळा अर्ज आहे, आणि त्याआधी पोलिसांत नोंद करावी लागते.

आणि एजंटपासून सावध राहा. "लाखाचं एरियर काढून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारे येतात. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायला फी नाही. पीपीओ, आधार, बँकेचा ओटीपी यांतलं काहीही अशा माणसाच्या हातात देऊ नका.

पुढच्या बैठकीसाठी काम

प्रत्येक गटाने पुढच्या मासिक बैठकीत अर्धा तास यासाठी काढावा. फौजीच्या घरातल्या ताईंची यादी करा. लिहिता-वाचता येणाऱ्या एका ताईने दुसरीचा तीन रकान्यांचा कागद भरून द्यायचा. ज्यांचे यजमान वयस्कर किंवा आजारी आहेत, त्यांचा नंबर पहिला. ज्यांच्या कागदात फरक सापडेल, त्यांनी एकाच दिवशी मिळून नाशिकला सैनिक कल्याण कार्यालयात जावं. गाडीभाडं वाटून जातं आणि खिडकीवर एकटीला बोलायची भीतीही राहत नाही. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स बरोबर ठेवा.